बिनहिशेबी

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलचा खेळाडू कितीही मोठा असो, सुट्टी संपली की तो आपल्या कामावर जातो. खेळण्याचे पैसे इथं कुणालाच मिळत नाहीत. ना गावच्या क्लबात, ना डब्लिनच्या क्रोक पार्कवर. 2019 साली बायकांच्या ऑल आयर्लंड फायनलला क्रोक पार्कवर 56,114 प्रेक्षक होते, आणि खेळणाऱ्यांपैकी एकीलाही मानधन नव्हतं. आम्ही राहतो त्या कॉर्क काउंटीच्या ब्रीज कॉर्करी आणि रीना बकली या दोघींकडं फुटबॉल आणि कॅमोगी मिळून प्रत्येकी 18 ऑल आयर्लंड पदकं आहेत. कॅमोगी म्हणजे बायकांचं हर्लिंग, काठी आणि चेंडूचा खेळ. यातली बकली फिजिओथेरपिस्ट, तर कॉर्करी दगडकाम शिकलेली आणि गाईंच्या गोठ्यात राबणारी.

मी जिच्याविषयी लिहायला बसले आहे त्या आमच्या टीमचं यातल्या कशाशीही नातं नाही, एवढं सोडून की आम्हालाही कुणी पैसे देत नाही. उलट वर्षाची वर्गणी आम्हीच भरतो.

ज्या बायका कधी खेळल्याच नाहीत, किंवा पोरंबाळं झाल्यावर ज्यांचं खेळणं सुटलं, त्यांच्यासाठी इथल्या लेडीज गेलिक फुटबॉल असोसिएशननं 2008 साली 'गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स' नावाचा उपक्रम सुरू केला. 'अदर्स' म्हणजे ज्या कुणाच्या आई नाहीत त्या. लीग नाही, गुणतक्ता नाही, कप नाही. आठवड्यातून एकदा संध्याकाळी मैदानावर यायचं, धावायचं, पडायचं आणि मग क्लबच्या खोलीत चहा प्यायचा. चहा ही यातली सगळ्यात गंभीर गोष्ट. तो बॅरीजचाच लागतो. कॉर्कमध्ये दुसऱ्या कंपनीचा चहा पुढं केला तर बायका तो पितात, पण नंतर त्याविषयी बोलतात.

मी कराडची. नवऱ्याला कॉर्कजवळच्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून 2013 साली इकडं आले. मिडलटनपासून थोड्या अंतरावर घर मिळालं. मुलगा शाळेत जायला लागला आणि मी शाळेच्या फाटकापाशी इतर आयांबरोबर उभी राहायला लागले. हवेविषयी बोलायला शिकले. आयर्लंडमध्ये हवेविषयी बोलता आलं की निम्मं निभावतं. एकदा शेजारी उभ्या असलेल्या उंच, रुंद बाईनं पाऊस, वारा वगैरे काही न बोलता एकदम विचारलं, "तुझ्या पायाचा नंबर काय?" मी सांगितला. ती म्हणाली, "माझ्या धाकटीचे बूट होतील. बुधवारी सात वाजता मैदानावर ये." मी तिला विचारलं, कशासाठी? तोपर्यंत ती गाडीकडं निघाली होती.

इथं कुणाचीच खरी नावं लिहीत नाही. त्यांना ते रुचणार नाही, आणि मनात मी त्यांना माझीच नावं ठेवली आहेत. ही आक्का.

आक्काचा गोठा मोठा, नव्वदएक गाई. पहाटे साडेपाचला एक धार, दुपारी चारला दुसरी. इथं गाई वसंतात वितात, त्यामुळं फेब्रुवारी-मार्चमध्ये आक्का सरावाला यायची ती रात्रभर वासरं ओढून काढून, कोपरापर्यंत धुतलेले हात घेऊन. ती आमची गोलकीपर. त्या दिवसांत तिच्या गोलजवळ फार गर्दी करायला कुणी धजत नसे, त्याला तिचा खेळ जितका कारण तितकाच वास.

गेलिक फुटबॉल आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगायचा तर अवघड नाही. दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून, खांबांच्या मधून गेला तर आमच्या खेळात एक पॉइंट. बॉल हातात धरता येतो, पण चार पावलांत तो आपटावा लागतो किंवा पायावर टाकून पुन्हा हातात उडवावा लागतो. बायकांच्या खेळात जमिनीवरचा बॉल थेट हातानं उचलायला परवानगी आहे. पुरुषांना तो आधी पायानं वर काढावा लागतो. मी शाळेत खो-खो खेळलेली असल्यानं वाकून बॉल उचलणं आणि हूल देऊन निसटणं मला पहिल्याच दिवशी जमलं. पायावरून बॉल परत हातात येणं मात्र जमेना. तो कुठंही जायचा, एकदा शेजारच्या शेतात गेला.

आक्कानं मला उंच बॉल झेलायला शिकवलं. ती बोलायची फार कमी. म्हणाली, "उडी मारायच्या आधी ठरव, बॉल तुझा आहे. उडी मारल्यावर ठरवशील तर दुसरीचा." सराव संपल्यावर अंधारात, मैदानाच्या दिव्यांखाली ती मला एकटीला बॉल वर मारून द्यायची. घरी जाऊन पहाटे पुन्हा उठायचं असताना. मी म्हणायचे, आता पुरे, तुला उशीर होतोय. ती पुढचा बॉल मारायची.

परत जाताना जीपमध्ये एक पुठ्ठ्याचा ट्रे माझ्या मांडीवर ठेवायची. बारा अंडी. आता इथं माझी आई आडवी येते. शेजारून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही हा तिचा कायदा होता. साखर घाल, चार शेंगदाणे घाल, पण रिकामी नाही. माझे वडील पतसंस्थेत कारकून, त्यांचाही कायदा तोच, फक्त आकड्यांतला: कुणाचं देणं अंगावर ठेवायचं नाही. दोघांच्या पोटी जन्मलेली मी पुढच्या बुधवारी ट्रे चकल्यांनी भरून घेऊन गेले. त्याच्या पुढच्या बुधवारी ट्रे पुन्हा अंड्यांनी भरून आला. मी शंकरपाळे दिले. अंडी आली. मी चिवडा दिला. अंडी आली, आणि वर एक बाटली ताजं दूध. माझ्या लक्षात आलं की मी हप्ते भरते आहे आणि मुद्दल वाढत चाललं आहे. आक्काला मात्र यात हिशोब असतो हेच ठाऊक नव्हतं. तिच्या मते तिच्याकडं अंडी जास्त होती आणि माझ्याकडं चकल्या जास्त असाव्यात.

दुसरी पार्लरवाली. मिडलटनच्या मेन स्ट्रीटवर तिचं केस कापायचं दुकान. खेळायची कॉर्नर-फॉरवर्डला, म्हणजे समोरच्यांच्या गोलजवळ कोपऱ्यात. तिथं उभी राहून ती सगळ्या मैदानाला सूचना द्यायची: आम्हाला, विरुद्ध टीमला, पंचांना, आणि एकदा तर मैदानाबाहेर गाडी लावणाऱ्या एका माणसाला. बॉल तिच्या हातात गेला की तो दुसऱ्या कुणाला मिळण्याची आशा सोडायची. पण तिच्याइतकं कुणी मला हसवलं नाही, आणि तिच्याइतक्या वेळा माझ्या नावानं मैदानावर कुणी ओरडलंही नाही. परक्या गावात आपलं नाव कुणीतरी मोठ्यानं, रागानं आणि बिनचूक उच्चारतंय, यात केवढा जिव्हाळा असतो हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही.

2014 ची बायकांची ऑल आयर्लंड फायनल तिनं मला केस कापता कापता सांगितली. कॉर्क विरुद्ध डब्लिन. शेवटची सोळाएक मिनिटं उरलेली आणि कॉर्क दहा पॉइंटांनी मागं. इथपर्यंत आली की तिची कात्री थांबायची. मग बाकावरून कोण उठून आली, कुणी गोल मारला, त्यांचे प्रशिक्षक एमन रायन कसे शांत उभे होते, असं करत करत ती 2-13 विरुद्ध 2-12 पर्यंत यायची, म्हणजे गोल दोन्हीकडं दोन-दोन आणि कॉर्कचा एका पॉइंटानं विजय. त्या वर्षी इथल्या राष्ट्रीय वाहिनीचा सर्वोत्तम संघाचा मानही त्याच मुलींना मिळाला. ही कथा मी तिच्या खुर्चीत अनेकदा ऐकली, आणि दर वेळी कात्री थांबली की मला काळजी वाटायची: कॉर्कची नाही, केसांची. पैसे द्यायला गेले की ती म्हणायची, "टीममधल्या बायकांकडून मी घेत नाही." हा नियम फक्त माझ्यासाठी होता हे मला फार उशिरा, दुसरीच्या तोंडून कळलं.

2017 साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा चहाच्या टेबलावर मला एकदम भाव आला. त्यांचे वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. "म्हणजे तुझ्या गावाजवळचा?" पार्लरवालीनं विचारलं. मी कराड, वराड, सह्याद्री, घाट, कोकण असं सगळं बिस्किटांच्या पुड्यावर नकाशा काढून समजावलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे नातेवाईक." पुढं सरकारनं काही न आवडणारं केलं की जबाबदारी माझ्याकडं यायची.

केरळची सिस्टर आमच्या टीममधली दुसरी भारतीय. कॉर्क शहरातल्या हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी करून, चार तास झोपून, पुन्हा मैदानावर हजर. आम्ही दोघी आपसात इंग्रजी बोलतो याचं बाकीच्यांना नवल वाटायचं. त्यांची समजूत होती की आम्ही त्यांच्यासमोर शिष्टाचार म्हणून बोलतो आणि एकांतात आपली भाषा बोलत असू. एकांतात आम्ही जास्तच इंग्रजी बोलायचो, कारण तेव्हा चुका दुरुस्त करणारं कुणी नसायचं. कुणाचा पाय मुरगळला की ती पहिली धावायची, आणि तिनं "काही नाही, ऊठ" म्हटलं की काही नसायचं.

आणि मावशी. मावशी आमच्यातली 'अदर्स'. मी आले तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर. लग्न केलं नाही, यॉलच्या गालिच्यांच्या कारखान्यात तरुणपण गेलं, मग म्हाताऱ्या आई-वडिलांचं केलं. लहानपणी चारही भाऊ मैदानावर खेळायचे आणि ही गोलच्या मागं उभी राहून काटेरी कुंपणातून बॉल काढून द्यायची. पुरुषांची गेलिक असोसिएशन 1884 साली थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली; बायकांची त्याच हॉटेलात, पण 1974 साली. मधली नव्वद वर्षं. आणि 1974 नंतरही गावोगाव टीम निघायला वेळ लागला. मावशीच्या गावात मुलींची टीम झाली तोवर तिचं वय उलटून गेलं होतं. ती पहिल्यांदा मैदानाच्या आत, रेषेच्या अलीकडं, बूट घालून उभी राहिली ती आमच्याबरोबर.

ती धावायची नाही. एक जागा धरून उभी राहायची आणि बॉल तिच्याकडंच यायचा. हे मला कित्येक दिवस कळेना. मग पाहिलं की बॉल कुठं पडणार हे तिला मारणारीच्या आधी कळतं. इतकी वर्षं कुंपणामागं उभं राहून ती तेवढं एकच बघत आली होती. आमच्या जर्सी तीच धुवायची. कुणी सांगितलेलं नसताना पिशवी भरून घरी न्यायची आणि पुढच्या बुधवारी घड्या करून आणायची. माझ्या जर्सीच्या बाहीला उसवलेलं दिसलं की शिवलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, या आठवड्यात जर्सी मी धुते. तिला ते इतकं लागलं की पुन्हा मी विषय काढला नाही.

दरवर्षी देशभरच्या अशा टीमांचा एक मेळावा डब्लिनजवळ पोर्टमारनॉकला भरतो. एका वर्षी आम्ही पहाटे बस करून निघालो. आक्काची धार त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं काढली आणि तो काय काय चुकवेल याची यादी तिनं बसमध्ये वाचून दाखवली. मैदानांवर मैदानं, शेकडो बायका, रंगीबेरंगी जर्सी, कडेनं पोरांना सांभाळणारे भांबावलेले नवरे. तिथं एका सामन्यात अशक्य गोष्ट घडली: पार्लरवालीनं बॉल पास केला. तिच्यासमोर खांब मोकळे होते, तरी तिनं मान वळवून मला शोधलं आणि बॉल माझ्याकडं टाकला. मी मारला आणि तो दांडीवरून गेला. पांढऱ्या कोटातल्या पंचानं पांढरं निशाण हलवलं. मी तिला नंतर विचारलं, तू का नाही मारलास? ती म्हणाली, "माझी लेस सुटली होती." मी तिच्या बुटांकडं पाहिलं. लेस नीट बांधलेली होती.

2021 च्या मे महिन्यात माझी आई गेली. कोविडची ती लाट. भारतातून परतणाऱ्यांना आयर्लंडनं नुकतंच हॉटेलातलं सक्तीचं विलगीकरण लावलं होतं, विमानांचा भरवसा नव्हता, आणि मी निघाले असते तरी पोहोचले नसते. भावानं फोनवरून जे दाखवता येईल ते दाखवलं. नवऱ्यानं टीममधल्या कुणाला तरी एक ओळ कळवली असावी. इथं कुणी गेलं की माणसं घरी येतात, हात हातात घेतात, सँडविच आणि चहा होतो. पण त्या दिवसांत घरात येता येत नव्हतं. मोकळ्या हवेत पंधरा जणींच्या गटानं सराव करायला तेवढी नुकतीच परवानगी मिळाली होती.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, आई, बाहेर बघ. आमच्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींपासून अंतर ठेवून, सगळ्या उभ्या होत्या. सरावाच्या कपड्यांत, क्लबची जॅकेटं घालून, मास्क लावून. क्लबचं माणूस गेलं की त्याची शवपेटी जाते त्या रस्त्यावर टीम अशी दुतर्फा उभी राहते. मी तोवर तशी रांग दोनदा पाहिली होती, एकदा तिच्यात उभीही राहिले होते. माझ्या आईची शवपेटी नव्हती. ती कधी आयर्लंडला आलीच नव्हती. तिनं या बायकांना फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं आणि आक्काकडं बघून "ही बाई कामाची दिसते" एवढंच म्हटलं होतं. त्या सगळ्या तिच्यासाठी पंधरा-वीस मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. कुणी काही बोललं नाही, पार्लरवालीसुद्धा. त्या गेल्यावर पायरीवर झाकलेली भांडी होती, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि त्यावर लिहिलेलं: किती वेळ गरम करायचं, आणि मांस नाही. मी तेरा दिवस काय खायचं नाही हे सिस्टरनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

ती भांडी मी घासून, पुसून, बरेच दिवस ओट्यावर ठेवली. त्यांत काय भरून परत द्यावं हे सुचेना. शेवटी मावशी आली आणि "माझी पिशवी कुठं आहे" म्हणत सगळी रिकामीच उचलून घेऊन गेली.

18 ऑक्टोबर 2023 ला बाबेट वादळ आलं. ओवेनाकुरा नदी पात्र सोडून बाहेर आली आणि मिडलटनच्या मेन स्ट्रीटवर पाणी शिरलं. पार्लरवालीच्या दुकानात खुर्च्यांच्या बैठकीच्या वर पाणी होतं. ओसरल्यावर आम्ही फावडी, बादल्या घेऊन पोहोचलो तेव्हा ती दारात उभी होती, आणि पहिल्यांदाच तिच्याकडं कुणाला द्यायला सूचना नव्हती. बाकीच्याही चिखलाकडं बघत होत्या. कुणी म्हणालं, थोडा वाळू दे, मग उचलायला सोपा जाईल.

मी कृष्णा-कोयनेच्या काठची. पुराचा गाळ मला लहानपणापासून माहीत आहे. "वाळू द्यायचा नाही," मी म्हणाले, "वाळला की फरशीला धरतो. पाणी मारत राहा, आतून बाहेर लोटत या, आधी कोपरे." माझा आवाज माझ्या आईसारखा निघाला. सगळ्या कामाला लागल्या. आक्कानं शेतावरून पाण्याचा पंप आणला, सिस्टरनं सगळ्यांना हातमोजे सक्तीचे केले, मावशीनं टॉवेल उचलून पिशव्या भरायला घेतल्या, धुवायला. दोन दिवस आम्ही तिथं होतो. दुसऱ्या दिवशी मी भिंतीचा खालचा पट्टा घासत असताना पार्लरवाली मागून आली, माझ्या केसांत बोटं घालून बघितलं आणि म्हणाली, "हे कुणी कापलेत?" कुणी म्हणजे, मीच आरशात बघून कापले होते. वीज नव्हती, आरशावर चिखलाची रेघ होती, तरी तिनं मला उलट्या बादलीवर बसवलं आणि केस सरळ केले. पैसे अर्थातच नाहीत.

आक्काचा गुडघा आता बदलला आहे, त्यामुळं गोलमध्ये सिस्टर उभी राहते आणि आक्का खांबाशेजारी पांढरा कोट घालून पंच म्हणून. निशाणं तिच्या हातात दिली ती चूक झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या बुधवारी मी डाव्या पायानं मारलेला बॉल खांबाच्या आतून गेला. मी पाहिला, मावशीनं पाहिला, सिस्टरला लांबून दिसला. आक्कानं डोक्यावर दोन्ही हात फिरवून वाइड दिला. चहाच्या वेळी मी दाद मागितली. ती बिस्किट बुडवत म्हणाली, "बाहेर होता." मी म्हटलं, हा पॉइंट तू माझं देणं लागतेस, लक्षात ठेव. तिनं खांदे उडवले आणि जाताना जीपमधून अंड्यांचा ट्रे काढून माझ्या हातात ठेवला. मी तो घेतला, पण सांगून ठेवलं की याचा आणि त्याचा काही संबंध नाही.